हजेरीतले सात आवाज

शब्द संपला की त्याच्या मागे किती शांतता ठेवायची, हे ठरवणं ही शिकागोत आठ वर्षं माझी नोकरी होती. असं सांगितलं की लोक हसतात. आमचे एक काका तर अजूनही दर भेटीत विचारतात, "उज्ज्वला, म्हणजे तू नेमकं काय करायचीस गं?" आणि मी दर वेळी वेगळंच काहीतरी सांगून सुटका करून घेते. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनीच गाठलंय, तर एकदा नीट सांगून टाकते.

नव्वदच्या दशकात घरोघरी कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग चकचकीत तबकड्यांवरचे शब्दकोश आले. पडद्यावरच्या शब्दावर माउसने टिचकी मारली की कोणीतरी तो शब्द बोलून दाखवायचं. हे कोणीतरी एका तळघरातल्या स्टुडिओत, फोम लावलेल्या छोट्या खोलीत बसून हजारो शब्द एकामागून एक वाचायचं. काचेच्या अलीकडे मी. मी ते टेपवर घ्यायची, मग कॉम्प्युटरवर चढवून एकेक शब्द कापून सुटा करायची. पडद्यावर आवाज डोंगरासारखा दिसतो आणि शांतता सरळ रेषेसारखी. डोंगराच्या आधीची आणि नंतरची रेषा नेमकी मोजून कापायची. जास्त ठेवली तर तबकडीवर जागा पुरत नाही, कमी ठेवली तर शब्द गळा दाबल्यासारखा वाटतो.

नागपूरच्या रेडिओ केंद्रावर मी तीन वर्षं हंगामी तांत्रिक मदतनीस होते. लग्नानंतर मिलिंदच्या नोकरीमुळे शिकागोला आले. स्टुडिओतल्या मुलाखतीत मला हेडफोन देऊन विचारलं, टेपवर काय काय ऐकू येतंय? मी म्हटलं, एक बाई वाचतेय, तिच्या हातात सैल बांगडी आहे, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. सोमवारपासून या, म्हणाले.

वाचणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. एका बाईंचं पोट बरोबर साडेअकराला गुरगुरायचं. त्यांच्या तासभराच्या शब्दांत मागे कुठेतरी लांब वाघ असल्यासारखं वाटायचं. एका गृहस्थांनी 'एस' अक्षरापर्यंत येऊन नवी कवळी बसवली आणि तिथून पुढे सगळे शब्द शिट्टीसह आले. त्यांना परत 'ए'पासून वाचायला लावलं तेव्हा ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. जीभ चिकटून टकटक आवाज येऊ नये म्हणून सगळ्यांना हिरवं सफरचंद खायला द्यायचो. टेबलावर सफरचंदांची टोपली बघून आमच्या ओळखीतल्या एक मावशी म्हणाल्या होत्या, "चांगली नोकरी आहे हो, फळं खायची आणि गप्प बसायचं."

या सगळ्यांत एक वॉल्टर. चाळीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. तोंडाने मी वॉल्टर म्हणायची, पण मनात ते वॉल्टरकाकाच होते. बूट कुरकुरतात म्हणून बाहेर काढून ठेवायचे आणि जाड लोकरी मोज्यांवर आत जायचे. तासाला दोनशे शब्द, एकही चूक नाही. आवाज असा, की त्यांनी 'पोटॅटो' म्हटलं तरी आपण सावरून बसावं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून मी त्यांच्यासाठी आल्याच्या वड्या आणायची. ते एक वडी गालात धरून म्हणायचे, "सू, हे औषध आहे की शिक्षा?" माझं पूर्ण नाव त्यांना बरोबर म्हणता यायचं, पण बाकी स्टुडिओला ते जमेना, सगळे 'सू' म्हणायचे म्हणून तेही म्हणायचे.

शब्द साधारण वर्णक्रमानेच यायचे. पण जे शब्द वापरले तर कोणी दुखावेल, त्यांची यादी प्रकाशकाकडची संपादक डोना वेगळी पाठवायची. त्यांच्यावर 'अपमानकारक' असा शिक्का मारायचा असे, म्हणून ते दोनदा तपासले जायचे. एका वर्षी मार्चमध्ये साठ शब्दांची एक यादी आली. खालच्या थरातल्या माणसांसाठी जुन्या इंग्रजीत वापरलेले तुच्छतेचे शब्द. सोबत अर्थ होते.

मी दुपारचा डबा खाताना ते अर्थ वाचत बसले. 'व्हिलन' आपल्याला सिनेमातला माहीत. पण मुळात तो जमीनदाराच्या शेताला बांधलेला वेठबिगार. 'नेव्ह' म्हणजे लबाड. मुळात नुसता मुलगा. 'चर्ल' म्हणजे असभ्य. मुळात साधा शेतकरी. 'ब्लॅकगार्ड' लिहायचं आणि 'ब्लॅगर्ड' म्हणायचं; मोठ्या वाड्यांतली काळी भांडी वाहणारी माणसं. 'स्कलियन', ती भांडी घासणारा पोरगा. 'व्हार्लेट', हरकाम्या पोऱ्या. 'मडसिल' हा खास अमेरिकेतला. घराची सगळ्यात खालची, चिखलात टेकलेली तुळई, आणि तिच्यावरून सगळ्यात खालची माणसं. शब्द परके होते, पण रीत मला ओळखीची वाटली. आधी माणसाला काम नेमून द्यायचं, मग त्या कामाची शिवी करायची, आणि मग त्या माणसाला हाक मारताना तीच वापरायची. डबा मी अर्धाच खाल्ला.

वॉल्टरनी यादी नेहमीसारखी सफाईने वाचली. एरवी ते बसून वाचायचे. त्या दिवशी उभ्याने वाचली, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. वाचून झाल्यावर बूट घातले, आल्याची वडी मागून घेतली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापायला बसले. 'ब्लॅगर्ड'चा डोंगर उतरत आला होता आणि त्याच्या पायथ्याशी, रेषा सरळ व्हायच्या आत, तिळाएवढा एक उंचवटा होता. वाटलं, खुर्ची असेल. पण ते तर उभे होते. आवाज वाढवून ऐकलं. आणखी वाढवून ऐकलं. मग हेडफोन काढून मागे वळून पाहिलं.

लहान मुलाचा आवाज होता. "हिअर, सर."

मी पुढे गेले. तीन-चार शब्द स्वच्छ. 'चर्ल'पाशी पुन्हा. शब्द पुरा व्हायच्या आत घाईघाईने, उशीर झाला तर मार बसेल अशा घाईने. "हिअर, सर." पण हा मुलगा वेगळा होता. साठ शब्दांत असे सात सापडले. सातांचे सात आवाज. एक नाकातला. एक घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. एक इतका बारीक, की बोलायच्या आधी त्याने घेतलेला श्वास त्याच्या शब्दांपेक्षा मोठा होता.

जुन्या टेपवर एका गुंडाळीतला आवाज दुसऱ्या गुंडाळीवर उमटतो, हे मला ठाऊक होतं. पण आमची टेप डिजिटल. तिच्यावर तसं होत नाही. वायरमधून कधी टॅक्सीवाल्यांची बोलणी शिरतात; पण टॅक्सीवाला नेमक्या सात शब्दांना 'हजर' कशाला म्हणेल? वॉल्टरनी आधी वाचलेले दोन हजार शब्द मी पुन्हा तपासले. सगळ्या रेषा सरळ. तळघराला खिडकी नव्हती. बाहेर लख्ख ऊन असणार हे माहीत असूनही मी त्या दिवशी चार वेळा जिना चढून फक्त रस्ता बघून आले.

आम्ही भुताखेतांवर विश्वास न ठेवणारी माणसं. बावीस प्रतिज्ञा माझ्या माहेरी दर्शनी भिंतीवर होत्या आणि वडिलांनी त्या आम्हा भावंडांकडून पाठ करून घेतल्या होत्या. त्यामुळे घाबरायलाही लाज वाटत होती. टेप बाहेर न्यायची नाही असा करार होता, म्हणून शनिवारी दुपारी मिलिंद मला घ्यायला आला तेव्हा त्यालाच खाली बोलावलं आणि काही न सांगता हेडफोन दिले.

"इंटरफिअरन्स असेल यार," तो सुरुवातीलाच म्हणाला. मग सातही ऐकले. हेडफोन हळूच काढून टेबलावर ठेवले, कोणाला उठवायचं नसल्यासारखे.

"उज्ज्वला, कोणीतरी हजेरी घेतंय," तो म्हणाला. "आणि ही पोरं हजेरी देताहेत."

सोमवारी डोनाचा फोन आला. नमुन्याचे शब्द तिच्याकडे गेलेच होते. "सू, तुमच्या स्टुडिओत लहान मूल आहे का?"

"नाही."

"मग 'व्हार्लेट'च्या शेपटीला काय आहे?"

"मी तिथून कापून बघते."

"कापलंस तर 'ट' जातो. मी ऐकलंय." डोना वाईट बाई नव्हती, तिचे कान माझ्यासारखेच तिखट होते एवढंच. "हे बघ, वॉल्टरचा आवाज मला आवडतो. पण त्याच्या तोंडून अशी काही कुजबूज येत असेल तर मला वाचणारा बदलावा लागेल. आणि मग सगळेच शब्द नव्याने. गुरुवारपर्यंत स्वच्छ पाठव."

मी तिला विचारलं, "हे शब्द कोशातून काढले तर? कोण वापरतं आता?"

ती म्हणाली, "कोणी वापरत नाही. पण काढले तर लोकांना काय काय म्हटलं जायचं तेही कोणाला कळणार नाही."

मी फोन ठेवला आणि वॉल्टरचा नंबर फिरवला.

बुधवारी सकाळी वॉल्टरना बोलावलं. कारण सांगितलं नाही. टेप खराब झाली म्हटलं. ते आत गेले आणि यादी हातात घेताच उभे राहिले. या वेळी मी पडद्याकडे न बघता काचेतून त्यांच्याकडे बघत होते. टाचा जुळलेल्या. एका हातात कागद, दुसरा हात मांडीला चिकटलेला. भल्या थोरल्या देहाचा माणूस मोज्यांवर शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा. "ब्लॅगर्ड," त्यांनी वाचलं, त्या भारदस्त आवाजात. ओठ मिटले. मिटलेल्या ओठांमागे गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली, आणि माझ्या कानात तो मुलगा बोलला.

मी टेप थांबवली. बटण दाबून विचारलं, "वॉल्टर, तुम्ही काही म्हणालात का?"

"ब्लॅगर्ड म्हणालो."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर काही नाही."

मी त्यांना अलीकडे बोलावलं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि आधीची टेप लावली. पहिला आवाज ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. सातवा झाल्यावर त्यांनी हेडफोन काढले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ही मुलं तुम्हाला कुठे भेटली?"

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. ती तोवर वारली होती.

आई गेली तेव्हा वॉल्टर आठ वर्षांचे होते आणि बाप आधीच परागंदा. त्यांना काउंटीच्या गरीब-शेतावर पाठवलं. निराधार म्हातारे, वेडे, अनाथ पोरं यांना सरकारने एका शेतावर ठेवायचं आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, अशी तेव्हा सोय होती. तिथला सुपरिंटेंडेंट आधी शाळामास्तर होता. त्याला जुन्या इंग्रजीची भारी आवड. पोरं येतात आणि जातात, नावं कशाला लक्षात ठेवायची? त्याने प्रत्येकाला एकेक जुना शब्द दिला. रोज पहाटे कोठारात रांग लागायची. तो वहीतून मान वर न करता शब्द वाचायचा आणि ज्याचा शब्द असेल त्याने म्हणायचं, हिअर, सर.

"आठ जण होतो," वॉल्टर म्हणाले. "मग त्या थंडीत घटसर्पाची साथ आली. आधी घसा बसायचा. मग पोरगा वरच्या खोलीत जायचा. मग रांगेत यायचा नाही."

"आणि हजेरी?"

"हजेरी तशीच चालायची. तो वहीतून शब्द खोडायचा नाही. तो 'चर्ल' म्हणायचा आणि मग एकदम शांत व्हायचं. तुम्हाला माहीत आहे ना, शांतता कशी ऐकू येते? मला ती सोसेना. दुसऱ्या दिवशी त्याने 'चर्ल' म्हटलं तेव्हा मीच म्हणालो, हिअर, सर. पण माझ्या आवाजात नाही. त्याच्या आवाजात." ते हातातल्या कागदाची घडी घालत होते. "सुपरिंटेंडेंटने वर पाहिलं नाही. पुढचा शब्द घेतला. वसंत आला तेव्हा मी रांगेत एकटाच उभा असायचो आणि माझ्याखेरीज आणखी सात आवाजांत हजेरी द्यायचो. पुढे रेडिओवर लोक विचारायचे, वॉल्टर, आवाजाची फेक कुठे शिकलास?"

मी विचारलं, "तुमचा शब्द कोणता होता?"

"स्कलियन."

त्या शब्दानंतर टेपवर काहीच नव्हतं. मी तसं म्हटलं.

"मी त्याला ओ देत नाही," वॉल्टर म्हणाले. "तिथून निघालो त्या दिवसापासून."

मलाही काहीतरी सांगावंसं वाटलं. मी त्यांना माझ्या आजोबांबद्दल सांगितलं. गावात कोणी वेशीपलीकडून नुसती जातीच्या नावाने हाक मारायचं आणि आजोबा हातातलं काम टाकून, कमरेत वाकून "जी, मायबाप" म्हणत धावायचे. माझ्या वडिलांनी लहानपणी ते रोज ऐकलं. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी घरात एकच कडक नियम केला: 'जी' म्हणायचं नाही. नागपुरात जो तो 'हो जी, नाही जी' करतो. आम्ही नुसतं 'हो' म्हणायचो आणि शेजारीपाजारी आम्हाला उर्मट समजायचे. वडील म्हणायचे, समजू द्या.

वॉल्टरनी घडी घातलेला कागद खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुमचे वडील मला आवडले असते." आणि मग, "सू, त्यांना कापून टाका. फार दिवस उभे आहेत ते."

पण कापलं तर 'ट' जात होता. गुरुवार उद्यावर आला होता, आणि तेव्हा मला एक युक्ती सुचली. यादी एकत्र वाचली की हजेरी होते. मग यादीच मोडायची. मी ते शब्द औषधांच्या आणि भाज्यांच्या नावांत पेरले. 'व्हॅक्सीन, व्हार्लेट, व्हार्निश.' 'कॉलिफ्लॉवर, चर्ल, कोलेस्टेरॉल.' वॉल्टरना बसायला लावलं, गालात आल्याची वडी दिली आणि झरझर वाचून घेतलं. सातही शब्द स्वच्छ आले. रेषा सरळ. डोनाने फोन करून शाबासकी दिली. खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मला माझाच फार अभिमान वाटत होता. जुनी टेप रिवाजाप्रमाणे पुसून दुसऱ्या कामाला घेतली. तिच्यावर बहुधा पक्ष्यांची नावं चढली.

दीड वर्षाने, सप्टेंबरमध्ये, वॉल्टरचा फोन आला. तोवर त्यांनी काम सोडलं होतं. आवाज खचला होता. डॉक्टरांनी घशात काहीतरी निघालंय म्हणून सांगितलं होतं.

"सू, ती पहिली टेप आहे का?"

"नाही. पुसली."

"अच्छा." मग, "मी घरी प्रयत्न करून पाहतो. स्वयंपाकघरात उभा राहून यादी म्हणतो. पण ते येत नाहीत. तुम्ही ते शब्द भाज्यांत मिसळलेत ना, तेव्हापासून येत नाहीत. चौघांची नावं तरी मला ठाऊक आहेत. हेन्री, ॲल्व्हिन, पीट, क्लॅरन्स. बाकीच्या तिघांची नावं मला कधी कळलीच नाहीत. त्यांचे फक्त आवाज होते माझ्याकडे. एक नाकातला, एक घोगरा, एक बारीक."

युक्ती माझी होती. टेपही मीच पुसली होती. फोन ठेवल्यावर मी मिलिंदला सांगितलं, येत्या शनिवारी वॉल्टरना घेऊन त्या शेतावर जायचंय, गाडी लागेल.

शिकागोपासून तीन तासांवर ते शेत होतं. इमारती कधीच पाडलेल्या. चहूकडे वाळलेला मका माणसापेक्षा उंच उभा होता आणि वारा जाणवत नसतानाही त्याची पानं आपसात घासत होती. मक्याच्या एका कोपऱ्यात पेरायचं सोडून दिल्यासारखा चौकोनी तुकडा होता. त्यात गुडघ्याएवढेही नसतील असे थडग्यांचे दगड, चार ओळींत. दगडांवर नावं नव्हती. फक्त आकडे. कोणता आकडा कोणाचा, हे ज्या वहीत होतं ती कधीच गहाळ झाली, असं काउंटीच्या ऑफिसातून वॉल्टरना कळवलं होतं.

मिलिंद गाडीपाशी थांबला. वॉल्टरनी हॅट काढून माझ्याकडे दिली आणि पहिल्या दगडासमोर उभे राहिले. "कोण कुठे आहे ते माहीत नाही," ते म्हणाले, "म्हणून प्रत्येकाला सगळी." आणि त्यांनी चारही नावं घेतली. पूर्वीचा आवाज राहिला नव्हता. वाळूवरून लाकूड ओढल्यासारखा झाला होता. मग तिघांसाठी त्यांनी टाचा जुळवल्या, तोंड उघडलं आणि थांबले. घाटी वर गेली, खाली आली. नुसता श्वास बाहेर पडला. ते पुढच्या दगडाकडे गेले. पुन्हा चार नावं, पुन्हा नुसता श्वास. दुसरी ओळ संपता संपता नावंही ऐकू येईनाशी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानेच सांगितलं, तुम्ही घ्या.

मी नावं घेतली. हेन्री, ॲल्व्हिन, पीट, क्लॅरन्स. नागपुरी वळणाचा माझा 'क्लॅरन्स' ऐकून एरवी त्यांनी सुधारला असता. मग मी थांबले. मक्याचा आवाजही त्याच वेळी थांबला. उगाच तिखटमीठ लावत नाही. वारा पडला असेल. पण आम्ही दोघं कशाची तरी वाट बघत होतो हे दोघांनाही कळत होतं.

आणि मग मला जाणवलं, की ते तीन आवाज या जगात वॉल्टरनंतर माझ्याइतके कोणीच ऐकले नव्हते. मी ते शंभरदा ऐकले होते. आवाज वाढवून, मागे-पुढे करून, कुठे कापता येतील ते शोधत. मला त्यांचे श्वास पाठ होते.

मी नाकातला आवाज लावला. "हिअर."

शब्द माझ्या तोंडातून निघाला होता, पण मला तो दगडापलीकडून ऐकू आला.

वॉल्टर झटकन वळले. काही क्षण त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटेना. आठ वर्षांचा वाटला. मग ते कुजबुजले, "थोडा वर. तो आणखी वरच्या पट्टीत बोलायचा."

मी पट्टी वाढवून पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग मी घोगरा आवाज काढला. मग मोठा श्वास घेऊन तो बारीक. तिन्ही झाल्यावर वॉल्टर जवळ आले, माझ्या हातातून हॅट घेतली, पण डोक्यावर ठेवली नाही.

"तुम्ही 'सर' गाळलंत," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"छान केलंत."

आणि आम्ही पुढच्या दगडाकडे गेलो. अजून दोन ओळी बाकी होत्या.